मालमोटारीच्या पुढील आसावरील डिफरन्शियल : जखडबंद की मर्यादित घसरणीचे? – एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोध आणि शोधक यांची नोंद काळजीपूर्वक घेतली जाते. मात्र एकच काम करू शकणाऱ्या दोन साधनांपैकी कोणते साधन, कोठे आणि कोणत्या कारणाने स्वीकारले गेले, या निवडीच्या इतिहासाकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. चारही चाकांना चालना असणाऱ्या मालमोटारीच्या पुढील आसावर पूर्णपणे जखडता येणारे डिफरन्शियल बसवावे, की चाकांची घसरण मर्यादित करणारे बसवावे, हा अशाच निवडीचा प्रश्न आहे. वरवर पाहता तो केवळ अभियंत्यांचा वाटतो. तथापि त्याच्या उत्तरांचा क्रम पाहिला असता शेतकरी, सैनिक, वाळवंटातील वेगवान वाहनाचा चालक आणि डोंगरवाटेवरील हौशी प्रवासी यांना निरनिराळी उत्तरे मिळाल्याचे दिसून येते. चाक केव्हा जखडायचे याचा निर्णय चालकाने घ्यावा की यंत्राने, हा या निवडीच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

१. डिफरन्शियलची गरज व उगम :

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर परस्परांपासून स्वतंत्रपणे फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरील चाक अधिक अंतर कापते आणि आतील चाक कमी, याची गाडीवानाला दखलही घ्यावी लागत नाही. गाडी ओढण्याचे काम बैल करतात. चाके केवळ भार वाहतात. चाकांनाच चालना द्यावयाची झाली की परिस्थिती बदलते. दोन चाकांमधील अंतर १.६ मीटर असलेला मागील आस घेतला, तर काटकोनी वळणात बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा सुमारे २.५ मीटर अधिक चालावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसवली तर त्यांपैकी एकाला तरी रस्त्यावर घासटावे लागते. टायर झिजतो, दांड्यावर ताण येतो आणि वाहन वळण्यास विरोध करते.

या अडचणीवरचा उपाय वाहनांच्या इतिहासात वाफेच्या युगात आला. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२८ मध्ये वाफेवर चालणाऱ्या रस्तागाडीसाठी डिफरन्शियलचे पेटंट घेतले. मँचेस्टरचे रिचर्ड रॉबर्ट्स यांनी १८३२ मध्ये याच तत्त्वावरील योजना मांडली. कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये तीनचाकी सायकलसाठी तिचा उपयोग केला आणि कार्ल बेंझ यांच्या १८८५ च्या मोटारगाडीतही ती होती. प्राचीन ग्रीक अँटिकिथेरा यंत्रात डिफरन्शियल असल्याचे मत डेरेक डी सोला प्राइस यांनी १९७४ मध्ये मांडले होते; परंतु पुढील संशोधनात ते टिकले नाही. म्हणून वाहनांच्या संदर्भात या साधनाचा आरंभ एकोणिसाव्या शतकातच मानणे युक्त ठरते.

२. मुक्त डिफरन्शियलमधील दोष :

साध्या, म्हणजे मुक्त, डिफरन्शियलचे तत्त्व असे की ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण दोहोंना टॉर्क मात्र समान पुरवते. कोरड्या रस्त्यावर हाच त्याचा गुण असतो, तर चिखलात तोच दोष ठरतो. समजा, डावे चाक निसरड्या चिखलात आहे आणि त्याची पकड केवळ १०० न्यूटन-मीटर टॉर्क पेलू शकते. अशा वेळी उजवे चाक कोरड्या खडकावर असले तरी त्यालाही १०० न्यूटन-मीटरच मिळतात. डावे चाक गरगर फिरत राहते आणि भक्कम जमिनीवरील उजवे चाक जागेवरच उभे राहते.

या दोषावर दोन दिशांनी उपाय शोधले गेले. पहिली दिशा जखडण्याची. या योजनेत दोन्ही बाजूंचे दांडे एकमेकांशी घट्ट जोडले जातात. त्यामुळे दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि जेथे पकड असेल तेथे उपलब्ध टॉर्क पोहोचतो. वाफेच्या काही रस्ता-इंजिनांत खीळ घालून डिफरन्शियल जखडण्याची सोय होती, म्हणजे ही कल्पना मोटारीच्या आधीची आहे. दुसरी दिशा मर्यादेची. तीत चकत्यांचे घर्षण, कॅम किंवा तिरप्या दात्यांची चक्रे यांच्या साह्याने दोन चाकांच्या गतीतील फरकाला विरोध केला जातो. तिरप्या दात्यांच्या प्रकारात पकड असलेल्या चाकाला घसरत्या चाकाच्या ठराविक पटीत टॉर्क मिळतो. ही पट तीन धरली, तर वरील उदाहरणात उजव्या चाकाला ३०० न्यूटन-मीटर मिळतील. मात्र घसरणारे चाक हवेत उचलले गेले आणि त्याची पकड शून्य झाली, तर शून्याची तिप्पट शून्यच होते. या एका गणितात दोन्ही साधनांमधील मूलभूत भेद सामावलेला आहे.

३. चारही चाकांची चालना आणि पहिले महायुद्ध :

हा प्रश्न पुढील आसापर्यंत येण्यासाठी आधी पुढील चाकांना चालना मिळणे आवश्यक होते. ब्रामा जोसेफ डिप्लॉक यांनी १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये चारही चाकांवर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनाचे पेटंट घेतले. खरी अडचण होती ती सांध्याची, कारण जे चाक वळते त्यालाच फिरवायचेही होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल येथे ऑटो झाकाव आणि विल्यम बेसरडिक यांनी चेंडू-खोबणीच्या आवरणात बसवलेला सांधा तयार करून १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्यातूनच पुढे एफडब्ल्यूडी कंपनीचा तीन टनी मॉडेल बी ट्रक साकारला.

त्याच राज्यातील केनोशा येथे टॉमस बी. जेफरी कंपनीने १९१३ मध्ये क्वाड हा ट्रक आणला. त्याची चारही चाके चालत, चारही वळत आणि चारहींना ब्रेक होते. विशेष म्हणजे त्याचे डिफरन्शियल मुक्त नव्हते. चाक घसरू लागताच ते आपोआप आवळले जाई. १९१६ मध्ये जनरल पर्शिंग यांच्या मेक्सिकोतील मोहिमेत हे ट्रक वापरले गेले. कंपनी नॅशच्या ताब्यात गेल्यानंतर एकट्या १९१८ या वर्षात ११,४९० क्वाड तयार झाले. रस्ते नसलेल्या प्रदेशात लष्करी रसद पोहोचवण्याच्या निकडीमुळे पुढील आसावरील पकडीचा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर हाताळला गेला, हे यावरून स्पष्ट होते.

४. पुढील आसाचे वेगळेपण :

मागील आसावर चालणारा उपाय पुढील आसावर तसाच का चालत नाही, हे समजल्याशिवाय पुढील इतिहासाचा अर्थ लागत नाही. येथे चार बाबी महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाब सुकाणूची. पुढील आस जखडला की दोन्ही चाके समान गतीने फिरू पाहतात, म्हणजेच वाहन सरळ जाऊ पाहते. स्टिअरिंग जड होते आणि वळण्याची त्रिज्या वाढते. मागील आस जखडल्यानेही वळण्यास विरोध होतो. परंतु दिशा देणारी चाके तेव्हा मोकळी असतात. पुढील आस जखडल्यावर दिशा देण्याचे साधनच अडते.

दुसरी बाब सांध्यांची. पुढील चाक वळलेल्या स्थितीत असताना टॉर्क कोनातून वाहून न्यावा लागतो. १९२६ च्या सुमारास फ्रान्समधील ट्रॅक्टा सांधा आणि १९२७ मध्ये आल्फ्रेड झेप्पा यांनी पेटंट घेतलेला गोळ्यांचा सांधा यांमुळे हे काम सुकर झाले. दुसऱ्या महायुद्धातील जीपगाड्यांत ट्रॅक्टा, झेप्पा आणि बेंडिक्स-वाइस असे तिन्ही प्रकारचे सांधे आढळतात. तरीही जखडलेल्या आसात जवळजवळ सर्व टॉर्क पकड असलेल्या एकाच चाकाकडे जाऊ शकतो. चाक पूर्ण वळवलेले असताना असे घडले तर सांधा तुटण्याचा धोका असतो.

तिसरी बाब आडव्या उताराची. मुक्त डिफरन्शियल असताना एक चाक गरगरले तरी दुसरे स्थिर चाक जमीन धरून ठेवते आणि वाहनाचा पुढचा भाग खाली सरकत नाही. जखडलेल्या आसाची दोन्ही चाके एकदम घसरू लागली, तर बाजूची पकडही नाहीशी होते. ओल्या मातीच्या आडव्या उतारावर ही गोष्ट प्राणघातक ठरू शकते. प्रभावी मर्यादित-घसरण साधनातही हा दोष काही अंशी असतोच.

चौथी बाब चालनेच्या प्रकाराची. ज्या वाहनात पुढील चाकांची चालना केवळ गरजेपुरती जोडली जाते, तेथे पक्क्या रस्त्यावर पुढील डिफरन्शियलला टॉर्क वाहून न्यावाच लागत नाही. जेथे ती कायम जोडलेली असते, तेथे प्रत्येक वळणावर त्याचा स्वभाव जाणवतो. म्हणून कायम चालनेच्या वाहनात चालकाच्या इच्छेशिवाय लागणारे कडक लॉक पुढील आसावर गैरसोयीचे ठरते, तर सौम्य मर्यादित-घसरण साधन तेथे सहज सामावते.

५. युद्धोत्तर काळातील दोन परंपरा :

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे युरोपात शेजारीशेजारी वाढली.

पहिल्या परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे जर्मनीतील युनिमॉग. आल्बर्ट फ्रीडरिक यांच्या मार्गदर्शनाखाली १९४६ मध्ये त्याचे प्रायोगिक नमुने तयार झाले आणि १९४८ पासून उत्पादन सुरू झाले. १९५१ मध्ये ते डायम्लर-बेंझच्या गाग्गेनाऊ कारखान्यात आले. शेतीसाठी कल्पिलेल्या या वाहनाच्या पुढील आणि मागील अशा दोन्ही आसांना चालकाने स्वतः लावायचे लॉक होते. ऑस्ट्रियातील श्टायर-पुख यांचा हाफ्लिंगर (१९५९), त्यानंतरचा पिंत्सगाउअर (१९७१), स्वीडनमधील व्होल्वो सी ३०३ (१९७४) आणि मर्सिडीज जी (१९७९) ही त्याच परंपरेची पुढील रूपे होत. जी मालिकेच्या १९९० नंतरच्या आवृत्तीत मध्य, मागील आणि पुढील अशी तीन लॉक आली. ती याच क्रमाने लावायची असतात. पुढील आसाचे लॉक शेवटी लावायचे, हा त्या क्रमाचा गाभा आहे. साधन पूर्ण ताकदीचे असल्याने ते केव्हा वापरू नये याची शिस्त चालकाच्या अंगी असावी, हे येथे गृहीत धरले आहे.

दुसऱ्या परंपरेचे मूळ मोटारशर्यतीत सापडते. ऑटो युनियनच्या शर्यतगाडीचे एक चाक अतिशक्तीमुळे घसरत असल्याने १९३५ मध्ये फेर्डिनांड पोर्श यांनी झेडएफ कंपनीकडून कॅमवर आधारित मर्यादित-घसरण डिफरन्शियल तयार करून घेतले. महायुद्धातील जर्मन लष्करी फोक्सवॅगनमध्ये या प्रकाराचा उपयोग झाला. सोव्हिएत संघात १९६४ पासून तयार होऊ लागलेल्या गाझ-६६ या दोन टनी लष्करी ट्रकच्या पुढील आणि मागील अशा दोन्ही आसांवर कॅम प्रकारचीच अधिक घर्षणाची डिफरन्शियल होती. त्यांत चालकाने ओढायचा दांडा नाही, लक्षात ठेवायचा क्रम नाही आणि चुकून लावून ठेवण्याजोगे लॉकही नाही. पुढील आसाची चालना गरजेपुरतीच जोडली जात असल्याने पक्क्या रस्त्यावर त्याचा त्रास होत नसे. अल्पकाळ सेवेत येणाऱ्या सक्तीच्या भरतीतील जवानांच्या हाती जाणाऱ्या वाहनाला अशी योजना अनुरूप होती, असे म्हणता येते.

अमेरिकी सैन्याचे हमव्ही हे वाहन याच विचाराचे आणखी विकसित रूप होय. व्हर्नन ग्लिसमन यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेल्या, तिरप्या दंतचक्रांच्या टॉर्सन डिफरन्शियलचा उपयोग त्याच्या पुढील व मागील आसांवर केलेला आहे. या वाहनाच्या उत्पादनाचे कंत्राट १९८३ मध्ये देण्यात आले. परंतु शून्याच्या पटीचे गणित येथेही लागू पडते. एक चाक हवेत गेले की वाहन अडते. त्यावर चालकांना शिकवलेला उपाय असा, की अॅक्सिलरेटर दाबलेला ठेवून ब्रेकही हलकेच दाबावा. ब्रेकमुळे हवेतील चाकाला विरोध मिळतो आणि त्याच्या पटीत जमिनीवरील चाकाला टॉर्क मिळतो. म्हणजे यंत्राकडे निर्णय सोपवला तरी चालकाचे कौशल्य संपले नाही. ते हातातून पायात आले, एवढेच.

६. नागरी वापर आणि निवडीचे नवे निकष :

अमेरिकेत युद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या लष्करी जीपगाड्यांमुळे नागरी वापराचा नवा वर्ग निर्माण झाला. या जीपसाठी आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये चाकाच्या तुंब्यात बसणारी, हाताने जोडता-सोडता येणारी जोडणी बाजारात आणली. तिच्यामुळे पक्क्या रस्त्यावर पुढील चाके पुढील दांड्यांपासून पूर्णपणे सुटी होत. याचा एक अप्रत्यक्ष परिणाम असा की, एरवी रस्त्यावर त्रासदायक ठरणारे स्वयंचलित लॉकही पुढील आसावर सुसह्य झाले. डेट्रॉइट लॉकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात दोन्ही चाके एरवी जोडलेली असतात आणि वळणावर अधिक वेगाने फिरू पाहणारे चाक तेवढ्यापुरते सुटते.

ऑस्ट्रेलियातील एआरबी कंपनीने १९८७ मध्ये हवेच्या दाबाने लागणाऱ्या लॉकचे हक्क मिळवून ते एअर लॉकर या नावाने प्रसृत केले. यामुळे कळ दाबली की जखडबंद आणि सोडली की पूर्णपणे मुक्त, असे दोन्ही स्वभाव एकाच डिफरन्शियलमध्ये आले. पुढील आसाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता, कारण तेथे लॉकची गरज क्षणभर असते आणि त्याची अडचण उरलेला सर्व वेळ. २००३ च्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये कारखान्यातूनच दोन्ही आसांना लॉक आले. मात्र पुढील लॉक केवळ मंद गतीच्या गिअर-श्रेणीत आणि मागील लॉक लागल्यानंतरच लागे. चालकाने पाळावयाची शिस्त येथे यंत्राच्या रचनेतच बसवलेली दिसते.

एकाच देशातील आणि जवळजवळ एकाच काळातील दोन पिकअप ट्रकांची तुलना येथे उद्बोधक ठरते. डॉजच्या २००५ च्या पॉवर वॅगनमध्ये पुढील व मागील दोन्ही आसांवर विजेने लागणारी लॉक आहेत. फोर्डच्या एफ-१५० रॅप्टरमध्ये मात्र २०१२ पासून पुढील आसासाठी टॉर्सन प्रकारचे मर्यादित-घसरण डिफरन्शियल पर्याय म्हणून देण्यात आले. पॉवर वॅगन खडकाळ, चढउताराच्या वाटेवर पावलापावलाने जाण्यासाठी आहे. तेथे चाक हवेत उचलले जाणे नित्याचे आणि वेग नगण्य असतो. रॅप्टर वाळवंटात वेगाने धावण्यासाठी आहे; तेथे पुढील चाकांनी दिशा देणे क्षणभरही थांबून चालत नाही. दोन्ही निर्मात्यांना दोन्ही साधने माहीत होती. तरीही उत्तरे भिन्न आली, कारण वेग भिन्न होता.

७. ब्रेकद्वारे नियंत्रण – तिसरा मार्ग :

विसाव्या शतकाच्या अखेरीस या वादात तिसरा पक्ष आला. १९९७ च्या मर्सिडीज एम मालिकेत सर्व डिफरन्शियल मुक्त ठेवून घसरणाऱ्या चाकाला संगणकाच्या आज्ञेने ब्रेक लावण्याची योजना होती. हमव्हीचा चालक जे पायाने करत होता, तेच येथे चाकागणिक आणि आपोआप होऊ लागले. स्टिअरिंगवर याचा परिणाम अल्प असल्याने पुढील आसाला ही योजना विशेष मानवते. मात्र चाक घसरल्याचे कळल्यावरच ती जागी होते. तसेच दीर्घकाळ चिखलात वापरल्यास ब्रेक तापतात आणि इंजिनाच्या शक्तीचा काही भाग त्यांतच खर्ची पडतो. त्यामुळे अवजड वाहनांत यांत्रिक लॉकची गरज संपलेली नाही.

८. महाराष्ट्राच्या संदर्भात :

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला डिफरन्शियल लॉकची ओळख झाली ती प्रामुख्याने ट्रॅक्टरमुळे. नांगरटीच्या वेळी एक मागील चाक सरीत किंवा चिखलात घसरू लागले की पायाने लॉक दाबायचे आणि बांधाशी वळण्यापूर्वी ते सोडायचे, हा व्यवहार ट्रॅक्टरचालकाच्या अंगवळणी पडलेला आहे. जखडण्याच्या परंपरेला लागणारी शिस्त त्यामुळे येथील ग्रामीण भागाला अपरिचित नाही.

पुढील आसाबाबत पुण्याजवळील आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सचे उदाहरण लक्षणीय आहे. २०१३ मध्ये आलेल्या या कंपनीच्या गुरखा या वाहनात पुढील आणि मागील दोन्ही आसांना चालकाने लावायची यांत्रिक लॉक देण्यात आली. २०२१ च्या नव्या आवृत्तीतही ती कायम राहिली. याउलट महिंद्राच्या २०२० च्या थारमध्ये आपोआप लागणारे यांत्रिक लॉक केवळ मागील आसावर असून पुढील आसासाठी ब्रेकद्वारे नियंत्रणाचा मार्ग पत्करला आहे. युनिमॉगची परंपरा आणि तिसरा मार्ग यांचे प्रतिनिधी अशा रीतीने एकाच राज्यातील दोन कंपन्यांच्या वाहनांत आढळतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर निसरडी लाल माती, आडवा उतार आणि एका बाजूला दरी असे तिन्ही धोके एकत्र येतात. अशा ठिकाणी पुढील लॉक वाहनाला चढ पार करून देऊ शकते, त्याचप्रमाणे वळणावर त्याला सरळ दरीकडेही नेऊ शकते. म्हणून लॉक असणे आणि ते वापरण्याचे शिक्षण असणे या दोन स्वतंत्र गोष्टी मानल्या पाहिजेत.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पुढील आसासाठी जखडबंद आणि मर्यादित-घसरण या दोहोंपैकी कोणतेही साधन निरपवादपणे श्रेष्ठ ठरलेले नाही. पहिल्यात ताकद पूर्ण असते, पण दिशा अडते. दुसऱ्यात दिशा टिकते, पण चाक उचलले गेल्यास ताकद लोपते.

२) संथ गती, खडकाळ भूमी आणि गरजेपुरती चालना असेल तेथे चालकाने लावायचे लॉक योग्य ठरले आहे. अधिक वेग, कायम चालना किंवा अल्पशिक्षित चालक असेल तेथे मर्यादित-घसरण साधनाकडे कल दिसतो.

३) दोन्ही आसांवर लॉक असलेल्या वाहनांत पुढील लॉक शेवटी लावण्याचा संकेत पडला. प्रथम तो चालकाची शिस्त म्हणून होता; नंतर काही वाहनांत तो यंत्राच्या रचनेचाच भाग झाला.

४) यंत्राने निर्णय घेण्याची व्याप्ती वाढली तरी चालकाच्या ज्ञानाची गरज नाहीशी झाली नाही, तिचे केवळ रूप बदलले. म्हणून डिफरन्शियलची निवड करताना वाहन कोठे जाणार याच्या बरोबरीने ते कोण चालवणार आणि त्याला काय शिकवले जाणार, हाही निकष ठरतो. ज्या निर्मात्यांनी आणि सैन्यांनी हा निकष ध्यानात घेतला, त्यांची साधने भिन्न असूनही आपापल्या जागी यशस्वी ठरली, हेच या इतिहासाचे सार होय.